शब्दचर्चा : ‘श्टिखवाल’ म्हणजे फेरमतदान, फेरनिवडणूक की दुरंगी फेरी?

प्रश्न : १८९० च्या जर्मन राइशस्टागच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकीविषयी वाचताना ‘श्टिखवाल’ हा शब्द वारंवार आढळतो. त्यासाठी मराठीत ‘फेरनिवडणूक’ म्हणावे की ‘फेरमतदान’?

उत्तर : माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत. आपल्याकडे एखाद्या केंद्रावर गैरप्रकार झाला किंवा यंत्र बिघडले, की तेथील मतदान रद्द ठरवून ‘फेरमतदान’ घेतात आणि उमेदवार सगळे तेच राहतात. ‘फेरनिवडणूक’ म्हटले की आधीची निवडणूक रद्दबातल झाली, असा समज होतो. श्टिखवालमध्ये यांपैकी काहीच घडत नाही. साम्राज्याच्या ३९७ मतदारसंघांतून प्रत्येकी एक सदस्य निवडला जाई आणि त्याला झालेल्या वैध मतांपैकी निम्म्याहून अधिक मते मिळवावी लागत. तेवढी कोणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या फेरीचा निकाल ग्राह्य धरून त्यातील पहिल्या दोघांमध्येच पुन्हा मतदान होई. आपल्या वृत्तपत्रांत ‘दुरंगी लढत’ हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे, की त्यावरून ‘दुरंगी फेरी’ म्हटल्यास वाचकाला वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही. नुसते ‘दुसरी फेरी’ म्हटले, तर उमेदवार दोनच उरतात ही मुख्य गोष्ट हरवते.

या शब्दाबाबत आग्रह धरण्याचे कारण असे, की त्यावाचून १८९० चा निकाल उलगडतच नाही. २० फेब्रुवारीच्या मतदानात समाजवाद्यांना सुमारे १४ लाख २७ हजार, म्हणजे इतर कोणत्याही पक्षापेक्षा अधिक मते पडली, पण जागा मिळाल्या केवळ ३५. सुमारे १३ लाख ४२ हजार मते मिळवणाऱ्या कॅथलिकांच्या त्सेंट्रुम पक्षाला मात्र १०६ जागा मिळाल्या. त्सेंट्रुमची मते कॅथलिक प्रदेशांत एकवटलेली असल्याने त्याचे बरेच उमेदवार पहिल्याच फेरीत निवडून येत. समाजवादी उमेदवार दुरंगी फेरीत पोहोचला, की एरवी एकमेकांशी भांडणारे पक्ष बहुधा त्याच्या विरोधात एकवटत. शिवाय मतदारसंघांच्या सीमा १८६० च्या दशकातील लोकसंख्येवर बेतलेल्या होत्या आणि वाढत्या औद्योगिक शहरांसाठी त्या बदललेल्या नव्हत्या.

म्हणूनच या निकालाविषयी लिहिताना ‘समाजवाद्यांना बहुमत मिळाले’ असे लिहू नये. त्यांना सर्वाधिक मते मिळाली; बहुमत कोणालाच मिळाले नाही.

पूरक प्रश्न : मग श्टिखवाल आणि पोटनिवडणूक यांत फरक कोणता?

उत्तर : पोटनिवडणूक रिकाम्या झालेल्या जागेसाठी होते, तर दुरंगी फेरी हा कोणत्याही निवडणुकीचा, पोटनिवडणुकीचाही, एक टप्पा असू शकतो. याचे उत्तम उदाहरण खुद्द बिस्मार्कचे आहे. मार्च १८९० मध्ये चान्सलरपद सोडावे लागल्यानंतर पुढच्या वर्षी तो हानोफर प्रांतातील गेस्टेम्युंडेकडील मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभा राहिला. साम्राज्य उभारणाऱ्या या माणसालाही पहिल्या फेरीत निम्मी मते मिळाली नाहीत आणि एका समाजवादी सिगार-कामगाराशी त्याला दुरंगी फेरी लढावी लागली. ती त्याने जिंकली, पण सदस्य म्हणून तो सभागृहात कधी जाऊन बसला नाही. येथे ‘फेरनिवडणूक’ हा शब्द वापरला, तर वाचक निश्चितच गोंधळेल.

जाता जाता आणखी दोन शब्दांविषयी. १८८७ मध्ये दोन्ही पुराणमतवादी पक्ष आणि राष्ट्रीय उदारमतवादी यांनी परस्परांविरुद्ध उमेदवार न देण्याचा जो करार केला, त्या ‘कार्टेल’साठी ‘युती’ हा शब्द चपखल आहे. त्या युतीच्या जागा १८९० मध्ये २२० वरून १३५ वर आल्या. ‘त्सेंट्रुम’चे भाषांतर मात्र ‘केंद्र पक्ष’ असे करू नये, कारण मराठीत ‘केंद्र’ म्हटले की केंद्र सरकारच डोळ्यांसमोर येते. सभागृहातील मधल्या आसनांवरून पडलेले ते नाव आहे, तेव्हा भाषांतर करायचेच असेल तर ‘मध्य पक्ष’ म्हणावे.