सरावात जीव गेलेला पायलट युद्धात मेला असं धरतात का?

आकाशवेडा:
जॉन मॅगीबद्दल वाचतोय. कॅनडाच्या हवाई दलात होता, स्पिटफायर हे लढाऊ विमान चालवायचा, ११ डिसेंबर १९४१ ला इंग्लंडात लिंकनशायरच्या आकाशात जीव गेला, वय अवघं १९. शत्रू नाही गोळी नाही, सराव संपवून ढगातून खाली येताना क्रॅनवेलच्या ट्रेनिंगच्या ऑक्सफर्ड विमानावर आदळला. अशांची नोंद युद्धात गेला म्हणून होते की नुसता अपघात? फार जीवाला लागलंय हे.

मुशाफिर:
युद्धातच धरतात. कॉमनवेल्थच्या म्हणजे ब्रिटन, कॅनडासारख्या देशांच्या युद्ध-कबरींचा नियम सरळ आहे, ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ मध्ये सेवेत असताना गेला की कारण काहीही असो, दगड सगळ्यांना सारखाच. मॅगीची कबर स्कॉपविक गावात आहे. खाली शेतात असलेल्या एकाने त्याला पाहिलं होतं, कॅनॉपी म्हणजे डोक्यावरचं पारदर्शक झाकण मागे ढकलायला धडपडत होता, उघडली, उभा राहिला, उडीही मारली पण जमीन इतकी जवळ आली होती की पॅराशूट उघडायला उंचीच उरली नाही. आणि ऑक्सफर्डमधला शिकाऊ पोरगाही गेला, त्याचं नाव कुणी घेत नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

रानवारा:
नियम सगळीकडे असा नव्हता हो. अमेरिकेतल्या वास्प म्हणजे विमानं चालवणाऱ्या बायका, त्यांना लष्करी दर्जाच नव्हता. मेबल रॉलिन्सन २३ ऑगस्ट १९४३ ला नॉर्थ कॅरोलिनात कॅम्प डेव्हिसला रात्रीच्या ट्रेनिंगमध्ये गेली, विमान पडून पेटलं आणि कॅनॉपीची कडी खराब असल्यामुळे ती आतच अडकली. अशा ३८ जणी गेल्या, त्यांना लष्करी इतमाम नाही, शव घरी पाठवायचा खर्चसुद्धा सरकारने दिला नाही, मैत्रिणींनी वर्गणी काढायची. दर्जा मिळाला तो थेट १९७७ च्या कायद्याने. मला हे अजिबात पटत नाही, धोका तर तोच होता ना?

आकाशवेडा:
पण ट्रेनिंगमध्ये एवढी माणसं जायचीच कशी?

मुशाफिर:
ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलाचे ५५ हजारांवर गेले, त्यातले ८ हजारांच्या आसपास शत्रूवरच्या मोहिमेत नाही, ट्रेनिंगमध्ये आणि तसल्याच उड्डाणांत. चांगली विमानं आघाडीला लागायची त्यामुळे शिकणाऱ्यांच्या वाट्याला बरेचदा तिथून काढलेली जुनी, झिजलेली यायची, वर ब्लॅकआउट म्हणजे खाली एक दिवा नाही, हवा खराब, आणि अख्खा क्रू विशीच्या आतबाहेरचा. रात्री ढगात वाट चुकली की खाली उतरून बघायचं आणि समोर डोंगर. वेल्स आणि स्कॉटलंडच्या डोंगरांत असे अवशेष अजून पडलेले आहेत.