मदत हवी आहे: हायब्रिड सायकल १८ इंची फ्रेमची घ्यावी की २० इंची?

मंडळी, हायब्रिड (रोड आणि माउंटन सायकलच्या मधला प्रकार) घ्यायची आहे. उंची १७३ सेंमी, आणि भिंतीला टेकून, पायांत जाडजूड पुस्तक धरून मोजलेली पायांची आतली उंची ७९ सेंमी. कोथरूड ते हिंजवडी रोज जा-ये आणि रविवारी जमलं तर सिंहगड पायथा, एवढाच वापर.

अडचण अशी की कंपनीच्या तक्त्यात माझी उंची एम (१८ इंची) आणि एल (२० इंची) दोन्हींत बसते. आतली उंची गुणिले ०.६६ या जुन्या हिशोबाने फ्रेमचं माप ५२ सेंमी, म्हणजे २० इंचाच्या पुढेच येतं. पण तो हिशोब आडव्या, सरळ नळीच्या रोड फ्रेमचा. हायब्रिडची वरची नळी सीटकडे उतरती असते, त्यामुळे इथे तो फारसा धरू नये असं मला वाटतं.

दोन्ही चालवून पाहिल्या. एलवर उभं राहिलो तर नळी आणि माझ्यात जेमतेम दोन बोटं जागा उरते, हात ताणले जातात आणि थोड्याच वेळात मान भरून येते. एमवर हात सैल राहतात, पण सीट बरीच वर काढावी लागते आणि हँडल खाली वाटतं.

माझा कल एमकडे आहे. सीट, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) नंतर बदलता येतात, फ्रेम नाही. पण रोज तासाभराच्या प्रवासात हँडल खाली असल्याने मनगटं, पाठ दुखते का? उंच कोनाचा स्टेम लावून कुणाला खरंच फरक पडलाय का? साधारण याच मापाच्या लोकांनी काय घेतलं, ते कृपया उंचीसकट सांगा.