मोसिन-नागाँ : अमोनियाने क्षार जात नाहीत

मोसिन-नागाँ या जुन्या रशियन रायफलीतून जुनी सोव्हिएत काडतुसं झाडल्यावर नळीत अमोनियाचा ग्लास क्लीनर फवारला की मागे उरलेले क्षार 'मारले जातात', असा एक समज आहे. तसं होत नाही. त्या काडतुसांच्या प्रायमरमधल्या (बुडाशी असलेली, दारू पेटवणारी टोपी) पोटॅशियम क्लोरेटचं ज्वलनानंतर पोटॅशियम क्लोराइड होतं. हे मिठासारखंच, हवेतला ओलावा ओढून पोलादाला गंज चढवणारं. ते विरघळतं पाण्यात, तेलात नाही. त्यामुळे क्लीनरमधला उपयोगी भाग म्हणजे पाणीच! नुसतं तेल फिरवलंत तर क्षार तेलाखाली तसेच राहतात.

रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट (चेंबर बंद करणारा मागचा सरकता भाग) काढा. चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं ती मागची जागा) बाजूने फनेल व ट्यूब लावून अर्धा-एक लिटर कढत पाणी ओता. गरम धातू लवकर वाळतो, म्हणून कढत. मग कोरड्या चिंध्या, सॉल्व्हंट, ब्रश आणि शेवटी तेलाचा पातळ हात. बोल्टचं तोंड आणि फायरिंग पिनही धुवा. तिथला गंज हमखास नजरेतून सुटतो. सफाईचा गज चेंबरकडूनच घाला, नाहीतर नळीच्या तोंडाची कड झिजते आणि नेम बिघडतो.

बोल्ट अडकत असेल तर बहुधा चेंबरमध्ये जुनं कॉस्मोलिन (साठवणीत गंज टाळण्यासाठी लावलेलं घट्ट ग्रीस) घट्ट बसलेलं असतं. मिनरल टर्पेंटाइन आणि २० गेजच्या शॉटगनचा ब्रश पुरतो. लाकडी दस्त्याला मात्र अल्कोहोल लावू नका, त्यावरचा शेलॅकचा (लाखेचा) थर विरघळेल. आणि कृपा करून, जुन्या ब्लूइंगवर (पोलादावरचा निळसर-काळा संरक्षक थर) सँडपेपर अजिबात नको.