दादरच्या गल्ल्यांतील कुत्र्यांचे लसीकरण : शुक्रवारपर्यंत संमती हवी

चिटणीस :
सर्वांस नमस्कार. २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनाआधी गेल्या वर्षीच्याच गल्ल्यांत आपल्या मंडळाच्या खर्चाने लसीकरणाची दुसरी फेरी घ्यायची आहे, तरी शुक्रवारपर्यंत संमती कळवावी. गेल्या वर्षी टोचलेल्या कुत्र्यांना पुन्हा लस द्यावी लागेल आणि मधल्या काळात जन्मलेली पिल्ले तर तशीच आहेत. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तरच रेबीजचा फैलाव थांबतो, आणि हे प्रमाण दरवर्षी राखावे लागते.

खजिनदार :
मंडळाची नोंदणी परदेशातील असल्याने मंडळाच्या खात्यातून गेलेली रक्कम कायद्याने विदेशी देणगी ठरते. ती घेणाऱ्या मुंबईतील संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलीच पाहिजे. गेल्या वेळची धावपळ सर्वांना आठवत असेल. तो कागद पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही.

काका (गिरगाव) :
दरवर्षी खर्च करण्यापेक्षा एकदाच निर्बीजीकरण का करू नये?

वहिनी (दादर) :
काका, निर्बीजीकरण हवेच, कारण पिल्ले कमी झाली की लसीकरणही टिकते. परंतु कुत्रे पकडणे, शस्त्रक्रिया करणे, जखम भरेपर्यंत सांभाळणे आणि २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे त्याच जागी आणून सोडणे, यात एकेका कुत्र्यामागे कित्येक दिवस जातात. उलट गेल्या वर्षी रोज पोळी घालणाऱ्या आजींनी मानेवर हात ठेवला, तेवढ्यात सुई टोचून झाली आणि लस दिल्याची खूण म्हणून कपाळावर हिरवा पट्टाही ओढला गेला. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाले, ते कुत्र्यांच्या व्यापक लसीकरणामुळेच.

काका (गिरगाव) :
पटले. आमच्या चाळीत धाकट्या बहिणीच्या पोटरीला कुत्रे चावले, तेव्हा शेजारीण मिरचीपूड घेऊन धावली होती. आईने तिला थांबवले आणि कपड्याच्या साबणाने पाय नळाखाली धुऊन काढला. एका दवाखान्यात लस मिळाली, पण जखमेत टोचायचे औषध नव्हते, म्हणून बाबा रात्री अकरापर्यंत ते शोधत फिरले.

डॉक्टरताई :
काका, आईंनी योग्य तेच केले. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काहीही लावू नये. रक्त आले असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे औषध) जखमेत आणि तिच्याभोवती द्यावे लागते. पोटातल्या १४ इंजेक्शनांच्या भीतीने आजही काही जण टाळाटाळ करतात, परंतु ती पद्धत केव्हाच बंद झाली असून आता लस दंडात ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी देतात. दुखणे थांबले म्हणून पुढचे डोस चुकवू नयेत, कारण लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. फेरीच्या दिवशी घरोघरी एवढे सांगायला माणसे हवीत, आणि मुलांना आधी सांगावे, कारण चावल्याचे ती घरी लपवतात.

खजिनदार :
सूचना चांगली आहे, मात्र तिचा खर्च वेगळा दाखवावा.

चिटणीस :
पत्रके सभासद स्वखर्चाने छापतील. संस्थेला नोंदणीचा कागद मागितला आहे, आज रात्री तो खजिनदारांकडे पाठवतो. वहिनी, आजी या वर्षीही येतील का, हे कृपया विचारून कळवावे.