शब्दचर्चा: महाभियोग ‘संकुचित’ की ‘नेमका’, ‘व्यापक’ की ‘मोघम’?

प्रश्न

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर २०१९ मध्ये चाललेल्या महाभियोगाविषयी मराठीत लिहिताना शब्दांची अडचण येते. त्या वेळी डेमोक्रॅटिक पक्षातच दोन मते होती. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांच्याशी २५ जुलै रोजी झालेले दूरध्वनी संभाषण (त्यात ट्रम्प यांनी आपले राजकीय प्रतिस्पर्धी बायडन यांच्या चौकशीची मागणी केली होती) आणि त्याभोवतीचा व्यवहार एवढ्यापुरताच ठपका ठेवून काम लवकर संपवावे, असे एका गटाचे म्हणणे होते. दुसऱ्या गटाला म्युलर अहवालातील (२०१६ च्या निवडणुकीतील रशियाच्या हस्तक्षेपाच्या चौकशीच्या अहवालातील) न्यायदानात अडथळा आणल्याचे प्रसंग आणि राष्ट्राध्यक्षांच्या व्यवसायांना परकीय सरकारांकडून मिळणारा पैसा हेही त्यात हवे होते. पहिल्या मताला ‘संकुचित’ म्हटले की ते वाचकाच्या मनात आधीच कमी प्रतीचे ठरते, आणि दुसऱ्याला ‘व्यापक’ म्हटले की त्याला आपोआप मोठेपणा मिळतो. दोन्ही मतांना न्याय देणारे शब्द कोणते? शिवाय ‘महाभियोग’ म्हणजे नुसता आरोप की पदावरून काढणे, याविषयीही वाचकांत गोंधळ दिसतो.

पहिला प्रतिसाद

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. ‘महा’ आणि ‘अभियोग’ यांचा हा संधी आहे, आणि अभियोग म्हणजे आरोप ठेवून खटला चालवणे. ‘सरकारी अभियोक्ता’ या शब्दातही तोच अर्थ आहे. पदच्युती या शब्दाच्या पोटात नाही. अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, म्हणजे प्रतिनिधिगृहाने, १८ डिसेंबर २०१९ रोजी साध्या बहुमताने दोषारोप मंजूर केले, तेव्हाच ट्रम्प यांच्यावर महाभियोग दाखल झाला. वरिष्ठ सभागृहाने, म्हणजे सिनेटने, ५ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांना दोषमुक्त केले, कारण दोषी ठरवण्यासाठी तेथे दोन तृतीयांश मते लागतात. म्हणून ‘महाभियोग मंजूर झाला, पण राष्ट्राध्यक्ष पदावर राहिले’ या वाक्यात कोणताही विरोधाभास नाही.

दुसरा प्रतिसाद

विशेषणांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: ‘संकुचित’ हा शब्द येथे चुकीचा असून ‘नेमका’ हा योग्य आहे, आणि त्याचा खरा विरुद्धार्थी शब्द ‘व्यापक’ नसून ‘मोघम’ आहे. आपल्याकडे न्यायालयात बचावाचा वकील ‘आरोप मोघम आहेत’ असे म्हणतो, तेव्हा आरोपाचा आवाका मोठा आहे अशी त्याची तक्रार नसते. कोणते कृत्य, कधी आणि कोणत्या कर्तव्याचा भंग करून केले, हे सांगितलेले नाही, अशी ती तक्रार असते.

अमेरिकेच्या घटनाकारांनी हाच प्रश्न प्रत्यक्ष शब्दांवरून सोडवला होता. फिलाडेल्फिया येथे ८ सप्टेंबर १७८७ रोजी, महाभियोगासाठी राजद्रोह आणि लाचखोरी एवढीच कारणे पुरेशी नाहीत, असे जॉर्ज मेसन यांनी मांडले आणि ईस्ट इंडिया कंपनीचे बंगालमधील माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांचे उदाहरण दिले, कारण हेस्टिंग्ज यांच्यावरील आरोप राजद्रोहाच्या व्याख्येत बसणारे नव्हते. मेसन यांनी सुचवलेला शब्द ‘गैरकारभार’ या अर्थाचा होता. इतका सैल शब्द ठेवला तर राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या मर्जीपुरताच पदावर राहील, असा आक्षेप जेम्स मॅडिसन यांनी घेतला, आणि मग ‘गंभीर गुन्हे व गैरवर्तन’ या आशयाची आजची शब्दयोजना आली. म्हणजे कारणांचे क्षेत्र वाढवावे, पण ते मोघम होऊ देऊ नये, अशी ती तडजोड होती.

ज्या हेस्टिंग्ज यांचा दाखला मेसन यांनी दिला, त्यांच्यावरील खटलाच मोघमपणाचा धडा ठरला. ब्रिटिश संसदसदस्य एडमंड बर्क यांनी मांडलेल्या बावीस आरोपांत मराठ्यांशी केलेले युद्ध आणि तह यांवरही एक स्वतंत्र आरोप होता, त्यामुळे मराठी वाचकाला या प्रकरणाविषयी विशेष आस्था वाटणे स्वाभाविक आहे. परंतु १७८८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या उमरावांच्या सभेपुढे सुरू झालेला हा खटला १७९५ पर्यंत रेंगाळला, बनारसचा राजा चेतसिंग, अयोध्येच्या बेगमा, स्वीकारलेल्या भेटी आणि कंत्राटे एवढ्याच विषयांवर प्रत्यक्ष युक्तिवाद झाला, मराठ्यांच्या प्रकरणाची सुनावणी झालीच नाही, आणि अखेर हेस्टिंग्ज निर्दोष सुटले. सगळेच सांगायचे ठरवले की काहीच नीट सिद्ध होत नाही, हे मला या उदाहरणावरून पटते, आणि एका पिढीवर झालेला अन्याय असा सुनावणीविना राहून गेला याचे वाईटही वाटते.

तिसरा प्रतिसाद

वरील मताशी मी अर्धवटच सहमत आहे. ‘मोघम’ आणि ‘व्यापक’ हे एकच नव्हेत. अनेक आरोप असूनही प्रत्येक आरोप नेमका असू शकतो. त्यासाठी ‘बहुकलमी’ किंवा साधे ‘अनेक आरोपांचा’ असे म्हणता येईल. व्यापकतेच्या बाजूने आणखी एक गंभीर मुद्दा आहे, तो असा की जे आरोपांतून वगळले जाते ते मान्य केले गेले, असा अर्थ पुढची पिढी काढू शकते. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या प्रकरणी (वॉटरगेट इमारतीतील विरोधी पक्षाच्या कार्यालयात झालेली घरफोडी दडपण्याचे प्रकरण) प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीने जुलै १९७४ मध्ये न्यायदानात अडथळा, अधिकाराचा गैरवापर आणि समितीचे समन्स धुडकावणे असे तीन दोषारोप मंजूर केले, पण कंबोडियावर केलेली गुप्त बॉम्बफेक काँग्रेसपासून (अमेरिकी संसदेपासून) लपवल्याचा दोषारोप २६ विरुद्ध १२ मतांनी फेटाळला. एका देशावर लपूनछपून बॉम्ब टाकणे हे एका कार्यालयातील घरफोडी दडपण्यापेक्षा लहान कृत्य होते काय? नेमकेपणाच्या नावाखाली असे काही गळून पडते, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट ‘जलद’ या शब्दाची. मूळ प्रश्नात मोजका ठपका आणि काम लवकर संपवणे हे जोडीने आले आहेत, परंतु ही जोडी अपरिहार्य नाही. निक्सन यांच्यावरील दोषारोप मोजके होते, तरी चौकशीला प्रतिनिधिगृहाची औपचारिक मान्यता फेब्रुवारीत मिळाल्यापासून ती जुलैअखेरपर्यंत चालली, आणि मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाने निक्सन यांच्या संभाषणांच्या ध्वनिफिती देण्याचा आदेश दिल्यामुळेच निर्णायक पुरावा उजेडात आला. याउलट राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी २१ फेब्रुवारी १८६८ रोजी युद्धमंत्री स्टँटन यांना काढले आणि २४ तारखेला प्रतिनिधिगृहाने महाभियोग मंजूर केला. दोषारोपांचा मसुदा त्यानंतर तयार झाला आणि त्यांची संख्या अकरावर गेली. त्यांतील अकरावा, आधीचे बरेचसे एकत्र गुंफणारा दोषारोप सर्वाधिक मते मिळवील अशा अपेक्षेने सिनेटपुढे प्रथम मतास टाकला गेला, आणि तोही एका मताने पडला. याला ‘जलद’ न म्हणता ‘घाईचा’ म्हणावे, असे मी सुचवीन. २०१९ मध्ये साक्ष देण्यास नकार देणाऱ्या साक्षीदारांविरुद्ध न्यायालयात जाण्याऐवजी प्रतिनिधिगृहाने पुढे जाणे पसंत केले, ते ‘जलद’ की ‘घाईचे’ हे लेखकाने आपले मत म्हणून लिहावे, वर्णन म्हणून नव्हे. माझ्या मते ती घाई होती. ट्रम्प यांच्यावरील १३ जानेवारी २०२१ च्या एकाच दोषारोपाच्या दुसऱ्या महाभियोगाला मात्र मी तसे म्हणणार नाही, कारण त्यांच्या समर्थकांनी केलेला अमेरिकी संसदभवनावरील हल्ला सदस्यांच्या डोळ्यांदेखत झाला होता.

दुसऱ्या प्रतिसादाच्या लेखकाकडून

कंबोडियाचा मुद्दा मला मान्य आहे, आणि ‘अनेक आरोपांचा’ हा तटस्थ शब्दप्रयोगही. तरीही निवड करायची झाल्यास मी मोजके आणि नेमके आरोप व त्यांच्या पुराव्यासाठी पुरेसा वेळ, या बाजूला उभा राहीन. सिनेट प्रत्येक दोषारोपावर स्वतंत्र मत घेते, त्यामुळे दुबळा आरोप जोडल्याने सबळ आरोपाचे वजन वाढत नाही.

एक सूचना जाता जाता करतो. या दोषारोपांना मराठीत ‘कलमे’ म्हणणे टाळावे, कारण ‘महाभियोगाचे दुसरे कलम’ असे वाचले की ते घटनेचे किंवा कायद्याचे कलम वाटते. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ६१ नुसार राष्ट्रपतींवर महाभियोग चालवण्याचे कारण एकच आहे, घटनेचा भंग. त्यासाठी सभागृहाच्या किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सहीची चौदा दिवसांची सूचना लागते आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमत लागते. तेथेही पुढे कधी हा प्रसंग आलाच, तर ‘घटनेचा भंग’ या दोन शब्दांखाली किती आणि कोणते दोषारोप मांडायचे, हाच वाद उभा राहील. मूळ प्रश्नकर्त्यांनी आपल्या लेखात ‘युक्रेनपुरता मर्यादित महाभियोग’ आणि ‘अनेक आरोपांचा महाभियोग’ असे लिहावे. त्यांत कोणाचीही बाजू आधीच घेतली जात नाही.