१९७१ चा टॅग टीम बेल्ट बंद करायला नको होता

ट्रम्पकार्डवाला

मंडळी, बरीच वर्षं मनात सलतंय ते आज मांडतो. १६ ऑगस्ट २०१० ला डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी रेसलिंग कंपनीने आपला सर्वांत जुना टॅग टीम (जोडीने लढायचा) किताब बंद केला. ३ जून १९७१ ला न्यू ऑर्लिन्समध्ये ल्यूक ग्रॅहम आणि टार्झन टायलर या जोडीपासून सुरू झालेली ३९ वर्षांची वंशावळ त्या रात्री थांबली.

ती थांबवली कुणाच्या हातून, हे बघा. ब्रेट हार्टच्या. ब्रेटने १९८७ मध्ये जिम नाइडहार्टच्या साथीने ब्रिटिश बुलडॉग्ज या जोडीला हरवून हाच बेल्ट मिळवला होता. २०१० मध्ये विजेते होते टायसन किड आणि डेव्हिड हार्ट स्मिथ. डेव्हिड म्हणजे बुलडॉग्जपैकी डेव्ही बॉय स्मिथचा मुलगा आणि ब्रेटचा सख्खा भाचा. वडिलांनी १९८६ च्या रेसलमेनियात (कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात) जिंकलेला, मग मामाने वडिलांकडूनच घेतलेला बेल्ट शेवटी या पोराच्या कमरेला आला होता. आणि मामानेच त्याच्या हातात नवे तांबूस पट्टे ठेवले. जुना किताब तिथेच संपला.

नवे ते फक्त पट्टे, त्यांच्यामागचा किताब मात्र २००२ चा होता. त्या वर्षी रॉ आणि स्मॅकडाउन हे कंपनीचे दोन टीव्ही कार्यक्रम वेगळे झाले, जुना बेल्ट रॉकडे राहिला म्हणून स्मॅकडाउनसाठी दुसरा काढला. २००९ च्या रेसलमेनियात कार्लिटो आणि प्रिमो यांनी मिझ-मॉरिसनला हरवून दोन्ही एकत्र केले. तोही सामना थेट प्रक्षेपण सुरू होण्याआधी उरकून घेतला. मग दोनपैकी एकच ठेवायचा ठरला तेव्हा ३९ वर्षांचा टाकला आणि ८ वर्षांचा ठेवला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. २०२४ मध्ये २००२ च्या बेल्टला ‘वर्ल्ड टॅग टीम चॅम्पियनशिप’ हे नाव दिलं, म्हणजे १९७१ च्या बेल्टचंच नाव. आणि २००२ च्या बेल्टचं जुनं नाव गेलं २०१६ च्या स्मॅकडाउनच्या बेल्टला. आज एखाद्या पोराने नाव वाचून इतिहास शोधला तर तो प्रत्येक वेळी चुकीच्या घरात शिरणार. नाव हवं होतं तर वंशावळही परत आणायची होती.

दोरीबाहेरचा

भावना समजली, पण मला पटलं नाही. तुम्ही १९८७ आणि २०१० सांगितलं, मधलं गाळलंत.

मे १९९७ मध्ये हा बेल्ट ऑस्टिन आणि शॉन मायकल्सकडे होता. दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं. १९९८ ला ऑस्टिन-अंडरटेकर, १९९९ ला रॉक-मॅनकाइंड. मजा आली, मीही टीव्हीसमोरून हललो नव्हतो. पण हे टॅग टीमचे सामने नव्हते, दोन मोठ्या नावांच्या वैराला लावलेलं ते तोरण होतं. तिथपासून कंपनीने या बेल्टचं वजन स्वतःच कमी केलं. २०१० ला जे बंद झालं त्यात जीव किती उरला होता?

ट्रम्पकार्डवाला

जीव उरला नव्हता म्हणता, मग २००० आणि २००१ चं काय? एज-क्रिश्चन, हार्डी बंधू आणि डडली या तीन जोड्या. आधी रेसलमेनियातला शिड्यांचा सामना, मग समरस्लॅमला टेबल-शिड्या-खुर्च्या, मग ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये पुन्हा तेच. तिन्ही वेळा वर टांगलेला बेल्ट हाच होता. तुमची १९९९ ची जोडी आणि यातला पहिला सामना यांच्यात वर्षभरसुद्धा गेलं नव्हतं.

तालीम आणि माती

मी कुस्तीवाला, तेव्हा थोडं रोखठोक लिहितो. आमच्याकडे ‘कुस्ती जोडली’ म्हणजे दोन मल्ल एकमेकांसमोर उभे केले. जोड म्हणजे समोरचा. खासबाग मैदानात कुस्त्या बघत वाढलेल्या माणसाला जोडी एकाच बाजूने लढते हेच आधी पचत नाही.

मुख्य मुद्दा असा की निकाल आधी ठरलेला असतो. खासबागेत कुस्ती निकाली झाली की पाठ मातीला लागलेली हजारो लोकांनी पाहिलेली असते. इथे कोण किती दिवस विजेता राहणार हे लिहिणारा ठरवतो. मग तो बेल्ट मालकाच्या मालाचा भाग झाला. त्याने ठेवला काय, मोडला काय, त्याला इतिहास म्हणू नये.

ट्रम्पकार्डवाला

दादा, निकाल ठरलेला असतो हे पहिल्यापासून कबूल. पण शिडीवरून पडायचं ठरवून पडलं तरी पाठ खरीच आपटते. आणि नाटकाचा शेवट ठरलेला असतो म्हणून ती भूमिका आधी कुणी केली, नंतर कुणी केली, हे आपण विसरतो का?

तुमच्यासाठी एक गोष्ट. या वंशावळीतली दुसरीच जोडी कार्ल गॉच आणि रेने गुले, डिसेंबर १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. गॉच म्हणजे मेहनतीचा वेडा माणूस. जपानमधल्या मल्लांकडून त्याने शेकड्यांनी ज्या बैठका आणि दंड काढून घेतले, ते आपल्याच तालमीतले. तुम्ही ज्याला मालकाचा माल म्हणता, त्या यादीत हा माणूस बसलाय.

तालीम आणि माती

गॉचचं नाव ऐकून होतो, तो या यादीत आहे हे माहीत नव्हतं. बैठकांबद्दल मान. निकालाबद्दलचं मत तेच.

तिसरा गडी

मी न्यू डे या संघाचा माणूस, त्यामुळे उलट बाजूने लिहितो. २००२ ची वंशावळ कमअस्सल म्हणणं अन्याय आहे. २३ ऑगस्ट २०१५ ते १८ डिसेंबर २०१६, न्यू डेने तो बेल्ट ४८३ दिवस सांभाळला आणि डिमॉलिशन या जोडीचा १९७१ च्या बेल्टवरचा ४७८ दिवसांचा विक्रम मोडला. विक्रम मोडण्याच्या आठवड्यात, १२ डिसेंबरला, एकाच रात्री दोनदा तिरंगी सामन्यात बेल्ट राखला. दर सोमवारी टीव्हीवर येऊन १६ महिने टिकणं आणि ८८-८९ साली टिकणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेव्हा बेल्ट पणाला लागलेला टीव्हीवर क्वचित दिसायचा.

दोरीबाहेरचा

इथे मी धागाकर्त्यांच्या बाजूला जातो. न्यू डे तिघं होते, कोणतेही दोघं उतरायचे. फ्रीबर्ड्स या जुन्या संघाच्या नावाने ओळखला जाणारा तो नियम. एकाला दुखापत झाली तरी बेल्ट सुरक्षित. डिमॉलिशनचे ४७८ दिवस ॲक्स आणि स्मॅश या दोघांनीच काढले, तिसरा क्रश १९९० मध्ये आला. आणि विक्रम मोडल्यावर न्यू डे आठवडाभरही विजेते राहिले नाहीत. ते ४८३ दिवस कशासाठी वाढवले होते हे उघड आहे.

ट्रम्पकार्डवाला

आणि मोडलाय का खरंच? डिमॉलिशन १८ जुलै १९८९ ला वूस्टरमध्ये हरले, ते चित्रीकरण होतं. लोकांनी टीव्हीवर पाहिलं २९ जुलैला. घरी बसलेल्या प्रेक्षकासाठी ते आणखी ११ दिवस विजेते होते. ४७८ अधिक ११, म्हणजे ४८९. न्यू डेपेक्षा ६ जास्त. शिवाय मुळात दोन वेगळ्या बेल्टांचे दिवस एका रकान्यात मांडलेत. ही गल्लत २०१० मुळे झाली. वंशावळ एकच असती तर हा वादच उरला नसता.

तिसरा गडी

रकाना एकच धरा किंवा वेगळे, आता दोघंही मागे पडलेत. उसो बंधूंनी स्मॅकडाउनचा बेल्ट ६२२ दिवस ठेवला. तो गेला कधी? १ एप्रिल २०२३, रेसलमेनियाची पहिली रात्र, ओवेन्स आणि झेनसमोर. टॅग टीम किताबाचा सामना रेसलमेनियाचा अखेरचा सामना होण्याची ती पहिलीच वेळ. १९७१ च्या बेल्टला ३९ वर्षांत तो मान एकदाही मिळाला नाही, २०१६ च्या बेल्टला सात वर्षांत मिळाला. त्या रात्री बेल्ट कोणत्या सालचा हे स्टेडियममध्ये कुणी विचारलं नसेल.

आणि प्रक्षेपणाची तारीख धरायची तर सगळ्यांना धरा. हार्ट फाउंडेशनने, म्हणजे ब्रेट-नाइडहार्ट जोडीने, बुलडॉग्जना हरवलं २६ जानेवारी १९८७ ला टॅम्पात, टीव्हीवर दिसलं फेब्रुवारीत. तुमच्या हिशोबाने ब्रेटचा विजयही पुढे सरकतो. चालेल?

ट्रम्पकार्डवाला

चालेल. ब्रेटचे दिवस कमी होतील ते डेव्ही बॉयच्या खात्यात जातील. पोराने तो बेल्ट परत मिळवला होताच.