मदत हवी आहे: फिफ्थ व्हील ट्रेलरसाठी ट्रकचा हौदा पावणेसात फुटी की आठ फुटी?

रानफूल:

नमस्कार मंडळी. अमेरिकेत पिकअपला फिफ्थ व्हील जोडून फिरणारे कुणी इथे असतील तर त्यांचा सल्ला हवा आहे. ट्रक घ्यायचं नक्की झालंय, अडलंय ते हौद्याच्या लांबीवर, आणि ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. सासू-सासरे दरवर्षी येतात आणि चार-पाच महिने राहतात. दोघांनाही फिरायची मनापासून आवड आहे, पण रोज नवं हॉटेल, बॅगा उघडा, बॅगा भरा, बाहेरचं जेवण, हे आता त्यांना झेपत नाही. स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचा पलंग आणि उभं राहून कपडे बदलता येतील अशी खोली, एवढं बरोबर असलं की ती दोघं महिनाभरसुद्धा आनंदाने हिंडतील. म्हणून फिफ्थ व्हील. साधा ट्रेलर मागच्या बंपरपाशी जोडतात, तो मोठ्या ट्रकच्या वाऱ्याने डुलतो. याचा भार हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलवर बसतो, त्यामुळे हा जास्त स्थिर चालतो. इथवर आमचा अभ्यास झाला आहे.

ट्रेलर जवळपास ठरला आहे: ३३ फूट लांब, ९६ इंच रुंद, भरल्यावरचं कमाल वजन (जीव्हीडब्ल्यूआर) १२,००० पौंड.

ट्रक दोन बघितले. दोन्ही वापरलेले, डिझेल, फोर-बाय-फोर, क्रू कॅब (चार दारांची केबिन). एक फोर्ड एफ-२५०, हौदा पावणेसात फुटी. दुसरा एफ-३५०, मागे एकेरी चाकं, हौदा आठ फुटी. पहिल्याची एकूण लांबी २५० इंच, म्हणजे २० फूट १० इंच. दुसऱ्याची २६६.२ इंच, म्हणजे २२ फूट २ इंच. ट्रेलर स्टोरेजमध्ये राहील, पण ट्रक दारात उभा राहणार आणि एरवी मीच तो चालवणार: मुलीची शाळा, किराणा, सगळं. इथल्या पार्किंगच्या खाचा १८ ते २० फुटी असतात, त्यामुळे लांब ट्रकचं जरा दडपण येतं.

एक विक्रेता म्हणाला, शॉर्ट बेड (छोटा हौदा) बिनधास्त घ्या, स्लायडर हिच (ट्रेलर अडकवायची, मागे-पुढे सरकणारी जोडणी) बसवा, काही होत नाही. ट्रेलरवाला म्हणाला, आमच्या ट्रेलरचं नाक कोपऱ्यांना कापलेलं आहे, स्लायडरचीही गरज नाही. तिसरा म्हणाला, आठ फुटीशिवाय हात लावू नका, वळताना केबिनची मागची काच फुटेल.

माझे प्रश्न असे: काच फुटण्याचा धोका नेमका कधी येतो? स्लायडर रोजच्या वापरात कसा असतो? आणि पार्किंगच्या सोयीसाठी शॉर्ट बेड घेतला तर त्याची खरी किंमत कुठे मोजावी लागते?

ओढगाडी:

रानफूल, आधी हा सगळा हिशोब कुठून येतो ते बघू, म्हणजे कुणाच्या शब्दावर अवलंबून राहावं लागणार नाही.

हिच मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर किंवा इंच-दोन इंच पुढे बसवतात. ट्रेलर फिरतो तो त्या बिंदूभोवती. त्यामुळे हौदा एकूण किती लांब आहे यापेक्षा अ‍ॅक्सलच्या मध्यापासून केबिनच्या पाठीपर्यंत किती जागा आहे, हे महत्त्वाचं. तुमच्या दोन्ही ट्रकचे आकडे शेजारी ठेवा. हौदे ८१.९ आणि ९८.१ इंच, फरक १६.२. आता व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) बघा: १५९.८ आणि १७६ इंच, फरक पुन्हा १६.२. म्हणजे वाढलेली सगळीच्या सगळी लांबी अ‍ॅक्सलच्या पुढे पडली, फाळक्याच्या बाजूला काहीच गेली नाही. लांब हौद्याचे पैसे तुम्ही या १६ इंचांसाठी मोजता.

अ‍ॅक्सल ते केबिन हे अंतर आठ फुटीत साधारण ५६ इंच मिळतं, शॉर्ट बेडमध्ये साधारण ४०. तुमचा ट्रेलर ९६ इंच रुंद, त्याचा निम्मा ४८. ट्रक ट्रेलरशी काटकोनात आला की ट्रेलरची बाजू पिनपासून (हिचमध्ये अडकणारा ट्रेलरचा खिळा) ४८ इंच केबिनच्या दिशेने येते. ५६ मध्ये ४८ मावतात आणि वर आठ इंच उरतात. ४० मध्ये मावत नाहीत. नाक सपाट धरलं तर ५५ अंशांच्या पुढे कोपरा केबिनला भिडतो. कोपरे कापलेले असले आणि पिन बॉक्स (पिन धरणारा ट्रेलरचा पुढचा भाग) पुढे काढलेला असला तर तो कोन वाढतो, ट्रेलरवाला त्याच्या जागी खोटं बोलत नाही. पण किती वाढतो ते ट्रेलरच्या आकारावर आहे, आणि १०२ इंची रुंद ट्रेलरला हेच गणित आणखी तीन इंचांनी कडक होतं.

हायवेवर हा कोन कधीच येत नाही. गावातल्या चौकातही नाही. तो येतो कॅम्पग्राउंडमध्ये रिव्हर्स घेताना, आणि पेट्रोल पंपावर चुकीच्या रांगेत शिरलात तर. दोन्ही वेळा तुमचं लक्ष मागच्या आरशात असतं आणि कोपरा डोक्याच्या मागून येत असतो. म्हणून काचा फुटतात.

आणखी एक. सगळे शॉर्ट बेड सारखे नसतात. रॅमच्या हेवी ड्यूटीचा छोटा हौदा ७६.३ इंचांचा, म्हणजे फोर्डपेक्षा साडेपाच इंच कमी. कुणी “माझ्या शॉर्ट बेडला काही झालं नाही” म्हणालं तर ट्रक कोणता आणि ट्रेलर कोणता, हे आधी विचारा.

मेस्किट:

माझ्याकडे शॉर्ट बेड आहे आणि हाताने सरकवायचा स्लायडर आहे, त्यामुळे त्याबद्दल सांगतो. पद्धत अशी: वळणाआधी ट्रक आणि ट्रेलर सरळ रेषेत, शक्यतो सपाट जागी उभे करायचे. खाली उतरून लिव्हर ओढून कुलूप सोडायचं. परत येऊन ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून धरायचे आणि ट्रक अगदी हळू पुढे घ्यायचा. ट्रेलर जागेवर राहतो, हिच रुळावरून मागे सरकतं आणि खट्‌कन अडकतं. मग परत उतरून अडकलंय का ते बघायचं. दहा-बारा इंच मिळतात. तुमच्या ४० मध्ये १२ मिळवले की ५२, म्हणजे ४८ ला पुरे. काम झालं की उलट क्रमाने पुन्हा पुढे. हिच मागे असताना रस्त्यावर जायचं नाही, कारण भार अ‍ॅक्सलच्या मागे जातो आणि पुढची चाकं हलकी होतात.

हे सगळं मी मनापासून करतो आणि मला त्याचा त्रास वाटत नाही. पण पाऊस पडतोय, अंधार झालाय, मागे दुसरी गाडी थांबलीय आणि जागा उताराची आहे, अशा वेळी ते करायला धीर लागतो. आपोआप सरकणारे हिच असतात, वळायला लागलं की स्वतःच मागे जातात. ते उत्तम चालतात. मात्र किंमत साध्या हिचच्या दुप्पट किंवा वर, आणि लोखंडही जास्त. तिसरा मार्ग म्हणजे ट्रेलरचा पिन बॉक्सच बदलणं: रीस कंपनीचा साइडवाइंडर फिरण्याचा बिंदू जवळजवळ २२ इंच मागे नेतो.

मी शॉर्ट बेड घेतला कारण ट्रक रोज ऑफिसला जातो आणि तिथलं पार्किंग बहुमजली आहे. तुमच्याकडे तशी अडचण नसेल तर माझं कारण तुम्हाला लागू होत नाही.

कोपऱ्यातला:

रानफूल, हौद्याच्या आधी एक काम करा. दोन्ही ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर पिवळ्या पट्टीचं स्टिकर असतं. त्यावर माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा असतो, त्या विशिष्ट ट्रकचा, कारखान्यातून निघाला तेव्हाचा. जाहिरातीतली ओढण्याची क्षमता फिफ्थ व्हीलला फारशी कामाची नाही, कारण इथे आधी संपतं ते पेलोड, म्हणजे हाच स्टिकरवरचा आकडा. पिनवर ट्रेलरच्या वजनाच्या २० ते २५ टक्के भार येतो. कॅटलॉगमधला पिनचा आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो, तो धरू नका. त्यात हिचचं वजन आणि बसणाऱ्या सगळ्यांची वजनं मिळवा. डिझेल इंजिन जड असतं, म्हणून डिझेल एफ-२५० चा आकडा पुष्कळांना अनपेक्षितपणे कमी वाटतो.

उरणकर:

मी अमेरिकेत ट्रेलर ओढलेला नाही, पण आमचं घर न्हावाशेव्याच्या कंटेनरवाल्यांचं. तिथल्या ट्रेलरला कपलिंग याच जातीचं असतं: ग्रीस लावलेलं ताट आणि त्यात अडकणारी किंगपिन. वडील जोडल्यावर दरवेळी खाली वाकून बॅटरीने जबडा पिनभोवती पूर्ण मिटलाय का ते बघायचे. मग ट्रेलरचे ब्रेक लावून ट्रक हलकासा पुढे ओढून बघायचे आणि नंतरच ट्रेलरचे पाय वर घ्यायचे. पाय खाली असताना पिन सुटली तर ट्रेलर पायांवर उभा राहतो. पाय उचलल्यावर सुटली तर तुमच्या हौद्याच्या कडांवर पडतो. ताई, हौदा कोणताही घ्या, ही सवय दोघांनीही लावून घ्या.

रानफूल:

सगळ्यांचे खूप आभार. काल दोन्ही ट्रक पुन्हा बघून आलो, या वेळी टेप घेऊन.

अ‍ॅक्सल ते केबिन: शॉर्ट बेडमध्ये ४० ला थोडं कमी, लांबमध्ये ५६. ओढगाडी, तुमचे आकडे जुळले.

स्टिकर: एफ-२५० वर २,४१२ पौंड. एफ-३५० वर ३,८०६.

रात्री जेवणाच्या टेबलावर हिशोब मांडला. १२,००० चे २२ टक्के २,६४०. हिच २००. आम्ही दोघं, सासू-सासरे आणि मुलगी मिळून ६५०. बेरीज ३,४९०. म्हणजे एफ-२५० मध्ये आम्ही कुणीही बसलो नाही तरी नुसत्या पिननेच त्याची मर्यादा ओलांडली. तो ट्रक बाद. विक्रेत्याने पेलोडचा विषयच काढला नव्हता, तो फक्त ओढण्याचा आकडा सांगत होता.

एफ-३५० मध्ये ३१६ पौंड उरतात. पाण्याचे डबे, अवजारं, ट्रेलरच्या चाकांचे अडथळे, एवढं त्यात बसेल असं वाटतं. एफ-३५० शॉर्ट बेडमध्येही मिळतो, पण मग स्लायडर आला आणि त्याचं जास्तीचं लोखंड याच ३१६ मधून वजा होणार. हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं आणि माझ्यापुरता प्रश्न इथेच सुटला: आठ फुटी.

पार्किंगचं म्हणाल तर दारात टेप लावला. फुटपाथ न अडवता २२ फूट २ इंच बसतात, जेमतेम. गॅरेजमध्ये नाही बसत, पण तिथे तसाही शॉर्ट बेड मावला नसता.

परवान्याचंही तपासलं. टेक्सासमध्ये ट्रक आणि ट्रेलर यांची कमाल वजनं मिळून २६,००१ पौंड किंवा वर गेले आणि ट्रेलर १०,००० च्या वर असला तर क्लास ए लागतो. आमच्या ट्रकचे ११,५०० आणि ट्रेलरचे १२,००० मिळून २३,५००, म्हणजे नेहमीचा क्लास सी चालेल.

आता शेवटचं. पहिली सहल पालो ड्युरो कॅन्यनची करायचा विचार आहे आणि नंतर बिग बेंड, दोन्ही टेक्सासमधलीच पार्क. लांब व्हीलबेसचा तिथे त्रास होईल का?

ओढगाडी:

पालो ड्युरोला दरीत उतरणारा रस्ता १० टक्के उताराचा आहे. तिथे व्हीलबेस लांब असलेला बराच. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या जोरावर वेग रोखणारा) लावा, खालच्या गिअरमध्ये उतरा, पाय ब्रेकवर सतत ठेवू नका. बिग बेंडला डोंगरातल्या चिसोस बेसिनच्या रस्त्यावर ट्रेलर नेऊ नका. २० फुटांपेक्षा लांब ट्रेलर तिथे नेऊ नयेत असं पार्कवालेच सांगतात, तुमचा ३३ आहे. पार्कमधल्याच रिओ ग्रांदे व्हिलेज कॅम्पग्राउंडला ट्रेलर लावा आणि बेसिनला नुसता ट्रक घेऊन जा. आजी-आजोबांना तो डोंगर जरूर दाखवा.

लांब ट्रकचा खरा त्रास एकच, वळणाचा घेर मोठा होतो. कॅम्पग्राउंडमध्ये आत शिरण्याआधी उतरून जागा चालत बघून या. उलट फायदा असा की हिचच्या पुढे हौद्यात अवजारांची पेटी किंवा जादा डिझेलची टाकी बसते, शॉर्ट बेडमध्ये ती जागा राहत नाही. वजन मात्र तुमच्या ३१६ मधूनच.

पैसे देण्याआधी आणखी एक माप घ्या. हल्लीच्या फोर-बाय-फोर ट्रकचे हौदे उंच असतात. ट्रेलर जोडल्यावर त्याचं पोट आणि हौद्याची कड यांत निदान साडेपाच-सहा इंच फट हवी, नाहीतर खड्ड्यात किंवा उताराच्या तोंडाशी कड चेपते. फट मिळवण्यासाठी हिच उंच केलं तर ट्रेलर नाक वर करून चालतो आणि त्याच्या मागच्या अ‍ॅक्सलवर जास्त भार पडतो. दोन्ही एकदम जमतंय का ते बघायला हाच ट्रक ट्रेलरवाल्याच्या आवारात नेऊन जमिनीपासून कडेपर्यंतची उंची मोजा. हौद्यात कारखान्यातूनच हिच बसवायची भोकं आहेत का तेही बघा, असली तर रूळ ठोकायचा खर्च वाचतो.

रानफूल:

भोकं आहेत, रबरी झाकणं लावलेली दिसली होती. शनिवारी विक्रेता ट्रक घेऊन ट्रेलरच्या आवारात यायला तयार झाला आहे. कडेची उंची आणि फट मोजून आकडे इथेच टाकते.